गरम जॉब आणि थंड वारा : ग्रीक तत्त्वज्ञ, आपली इंद्रियं आणि सत्य

(चिंचवड येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, कंपनीतून सुटून आलेल्या माणसाला ग्रीक तत्त्वज्ञान कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः एकवीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली. भोसरीच्या एका छोट्या शेडमध्ये सुरुवात केली आणि चाकणला संपवली. तत्त्वज्ञानाची पुस्तकं हातात आली ती नंतर. आणि वाचताना माझ्या लक्षात आलं, की शिफ्ट बदलताना आम्ही रोज ज्या गोष्टीवरून भांडत होतो, त्याच गोष्टीवरून ही माणसं अडीच हजार वर्षांपूर्वी भांडत होती. तुला एक दिसतं, मला दुसरं दिसतं. मग खरं काय?

म्हणून सुरुवात ग्रीसमधून करत नाही, चाकणमधून करतो.

एक ट्रे भंगारात

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्याकडे शंभर मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा शाफ्ट बनत होता. ड्रॉइंगवर वरची मर्यादा १००.००० मिलिमीटर आणि खालची ९९.९७८. म्हणजे सगळी मिळून मोकळीक २२ मायक्रॉनची. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

रात्रपाळीला एक नवीन मुलगा होता. आयटीआय झालेला, ठेकेदाराकडून आलेला. सकाळी मी आलो आणि त्याच्या ट्रेमधले शाफ्ट स्टँडर्ड रूममध्ये मोजले. सगळे लहान! कुठला ९९.९६५, कुठला ९९.९७०. आता शाफ्ट मोठा राहिला तर पुन्हा मशीनवर लावून कमी करता येतो. लहान झालेला मोठा करता येत नाही. सगळा ट्रे भंगारात.

मुलगा म्हणाला, "साहेब, मी एकूणएक जॉब मोजलाय. सगळे ९९.९९ च्या आसपास होते." मी चौघांसमोर त्याला म्हणालो, "तुला मायक्रोमीटर वाचता येतो का?" तो काही बोलला नाही. मी रिजेक्शनच्या कागदावर सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ऑपरेटरची चूक.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आता आपण अथेन्सला जाऊ.

वारा थंड आहे की नाही?

प्लेटोचा एक संवाद आहे, 'थिएटेटस' नावाचा. थिएटेटस हा गणितात हुशार असलेला तरुण मुलगा. सॉक्रेटिस त्याला विचारतो, ज्ञान म्हणजे काय? मुलगा थोडा घुटमळतो आणि म्हणतो, ज्ञान म्हणजे इंद्रियांना जे जाणवतं ते. सॉक्रेटिस म्हणतो, अरे, हे तर प्रोटागोरसचंच म्हणणं झालं.

प्रोटागोरस हा अब्डेरा गावचा. इ.स.पू. पाचव्या शतकात गावोगाव फिरून, फी घेऊन शिकवणारा नावाजलेला शिक्षक. त्याचा सिद्धांत असा की, कुठल्याही गोष्टीचं माप शेवटी माणूसच असतो. सॉक्रेटिस यावर एक साधं उदाहरण देतो. वारा सुटलाय. एकाला हुडहुडी भरते, दुसऱ्याला काहीच वाटत नाही. मग वारा मुळात थंड आहे की नाही? प्रोटागोरसच्या मते हा प्रश्नच चुकीचा. ज्याला थंड वाटतो त्याच्यासाठी तो थंड, दुसऱ्यासाठी नाही. दोघंही बरोबर.

हे ऐकायला किती सोयीचं आहे बघा. भांडणच मिटलं! आजही आपण म्हणतोच की, "तुझं तुझ्या जागी बरोबर, माझं माझ्या जागी बरोबर." सासू-सुनेच्या वादात हे वाक्य कामाला येतं. पण असेंब्ली लाइनवर हे वाक्य टाकून बघा. (हशा) शाफ्ट बेअरिंगमध्ये बसतो किंवा बसत नाही. तो कुणाच्या जागी बसत नसतो.

सॉक्रेटिसनं हेच पकडलं. तो पहिल्यांदा थट्टा करतो. म्हणतो, सगळेच जर आपापल्या जागी बरोबर असतील, तर लोकांनी प्रोटागोरसला फी देऊन शिकायचं कशाला? मग विचारतो, प्रोटागोरस चुकतोय असं ज्याला वाटतं, तोही बरोबरच ना? म्हणजे हा सिद्धांत स्वतःलाच खोटं ठरवतो.

पण माझ्या मते त्याचा सगळ्यात पक्का मुद्दा तिसरा आहे, आणि तो उद्याबद्दलचा आहे. आत्ता मला काय वाटतंय, याबद्दल कदाचित मीच शेवटचा शब्द असेन. पण उद्या काय होईल? रोगी म्हणतो मला ताप येणार, वैद्य म्हणतो येणार नाही. उद्या दोघांचंही खरं होऊ शकत नाही. ताप तरी येईल, नाहीतर येणार नाही. म्हणजे सगळ्यांचा अंदाज सारख्या किमतीचा नसतो. ज्याला त्या विषयातलं कळतं, त्याच्या शब्दाला वजन जास्त.

हा मुद्दा लक्षात ठेवा. आत्ता वाटतं ते एक, आणि उद्या जे घडेल ते दुसरं.

नदी आणि न हलणारं जग

आता थोडं मागे जाऊ, कारण इंद्रियांवरचा हा संशय प्लेटोनं सुरू केलेला नाही. त्याच्या शंभरेक वर्षं आधी दोन माणसं होऊन गेली. दोघांनी अगदी उलट टोकं धरली.

पहिला हेराक्लिटस, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या एफेसस शहराचा. काळ इ.स.पू. ५०० च्या सुमाराचा. त्याचं नाव निघालं की नदी आठवते. इथून चालत पवनेच्या घाटावर जा, मोरया गोसावींच्या देवळापाशी. पाच मिनिटं थांबा. समोरचं पाणी मघाचं नाही, ते पुढे दापोडीकडे गेलं. तरी आपण तिला पवनाच म्हणतो. हेराक्लिटस नुसतं "सगळं बदलतं" म्हणून थांबत नाही. त्याचं म्हणणं जास्त बारीक आहे. पाणी बदलत राहतं म्हणून तर ती नदी आहे. वाहणं थांबलं तर ते डबकं. बदलात एक शिस्त आहे, आणि ती शिस्त समजणारं मन नसेल तर डोळे आणि कान हे खराब साक्षीदार आहेत, असं तो म्हणतो. साक्षीदार खोटा नाही बरं का. त्याची भाषा आपल्याला समजत नाही, ही अडचण आहे.

दुसरा पार्मेनिडीस. हा इटलीच्या दक्षिणेकडच्या एलिया या ग्रीक वसाहतीतला. यानं आपला विचार चक्क कवितेत लिहिला. तो म्हणाला, जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. आता बदल म्हणजे काय? नसलेलं असलेलं होणं, किंवा असलेलं नसलेलं होणं. पण नसलेल्यातून काही येईलच कसं? म्हणून बदल अशक्य आहे. हालचाल अशक्य आहे. आपल्याला दिसतो तो सगळा भास, आणि खरा मार्ग एकच, बुद्धीचा.

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? लोक तेव्हाही हसले. मग त्याचा शिष्य झेनो पुढे आला. त्यानं धावणारा अकिलीस आणि त्याच्या पुढे सोडलेलं कासव ही कोडी घातली. अकिलीस कासवाच्या जागी पोचेपर्यंत कासव थोडं पुढे गेलेलं. तिथं पोचेपर्यंत आणखी थोडं पुढे. मग तो त्याला गाठणार कधी? डोळ्याला दिसतं की गाठतो. गणित मांडून बघितलं तर वाटतं की गाठू शकत नाही. या कोड्यातली गोम नीट उलगडायला गणिताला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली.

म्हणजे एका बाजूला इंद्रियं, दुसऱ्या बाजूला बुद्धी. आणि दोघं एकमेकांना खोटं पाडतायत.

इंद्रियांनी बुद्धीला दिलेलं उत्तर

या भांडणात मला सगळ्यात आवडतो तो डेमोक्रिटस. जन्म साधारण इ.स.पू. ४६०. हासुद्धा अब्डेराचाच, प्रोटागोरसच्या गावचा.

डेमोक्रिटस म्हणाला, खरं पाहिलं तर जगात दोनच गोष्टी आहेत, अणू आणि पोकळी. गोड, कडू, गरम, थंड, रंग हे सगळं आपल्यात रूढ झालेलं बोलणं. मध तुम्हाला गोड लागतो आणि काविळीच्या रोग्याला कडू, असं त्या काळी मानत. मग मधात गोडी आहे कुठे? मधात अणूंचे आकार आहेत. गोडी तुमच्या जिभेची आणि त्या आकारांची गाठ पडते तेव्हा तयार होते.

इथपर्यंत आजच्या विज्ञानाच्या पुस्तकासारखं वाटतं. पण हा माणूस प्रामाणिक होता. आपल्याच सिद्धांतातली फट त्याला दिसली. पुढे गॅलेन नावाच्या वैद्यानं ती नोंदवून ठेवली, म्हणून आपल्याला कळते. डेमोक्रिटस एक छोटं भांडण रचतो. बुद्धी ऐटीत सांगते की रंग खोटा, गोडी खोटी, अणूच खरे. त्यावर इंद्रियं तिला सुनावतात. त्यांचं म्हणणं असं : अगं, पुरावा तू आमच्याकडूनच घेतलास ना? आणि आता आम्हालाच खोटं पाडतेस? आम्ही पडलो की तूही पडलीस!

डेमोक्रिटसनं इंद्रियांना हे बोलू दिलं आणि, निदान आपल्यापर्यंत जे पोचलंय त्यात, बुद्धीचं उत्तर नाही.

हे मला माझ्या कामात फार उशिरा कळलं. मी स्टँडर्ड रूममधला माणूस. माझ्यासाठी आकडा म्हणजे सत्य आणि मशीनवरच्या माणसाचं "मला वाटतं" म्हणजे गप्पा. पण आकडा वाचतो कोण? डोळा. थिंबल किती घट्ट फिरवायचं ते सांगतं कोण? बोटं. मायक्रोमीटर बाजूला ठेवून मी इंद्रियांच्या पलीकडे गेलो असं मला वाटत होतं. मी फक्त इंद्रियांच्या हातात एक हत्यार दिलं होतं.

पाण्यातली काठी आणि बोटांमधला वाटाणा

आता प्लेटो. इ.स.पू. ४२७ ते ३४७. त्याची गुहेची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. जन्मापासून गुहेत बांधून ठेवलेली माणसं भिंतीवरच्या सावल्याच खऱ्या समजतात. ती 'रिपब्लिक'च्या सातव्या भागात आहे, आणि तिच्यामुळे आपल्याला वाटतं की प्लेटो इंद्रियांचा शत्रूच. पण त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात एक छोटा उतारा आहे, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. क्वालिटीतल्या माणसानं तरी बघायला हवं.

प्लेटो म्हणतो, काठी पाण्यात बुडवली की वाकडी दिसते, बाहेर काढली की सरळ. तीच वस्तू जवळून मोठी, लांबून लहान. आपल्या मनात गोंधळ उडतो. मग या गोंधळात आपल्या मदतीला कोण येतं? मोजणं, गणणं आणि वजन करणं. त्यांच्यामुळे नुसत्या वाटण्याची सत्ता आपल्यावर चालत नाही. बघा, व्हर्नियर आणि वजनकाटा यांची तत्त्वज्ञानानं केलेली ही स्तुती आहे.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल, इ.स.पू. ३८४ ते ३२२. हा गुरूपेक्षा जमिनीवरचा. तो सांगतो ते आपण आत्ता इथेच करून बघू. पहिलं बोट आणि मधलं बोट एकमेकांवर चढवा. हां, कात्रीसारखं. आता दोन्ही शेंड्यांच्या मध्ये शर्टचं बटण किंवा पेनाचं टोक फिरवा. डोळे मिटा. काय वाटतं? दोन वाटतात ना? (श्रोत्यांमध्ये कुजबुज) डोळे उघडा. एकच आहे.

पाण्यातल्या काठीत डोळा फसला आणि हात सांगतो की काठी सरळ आहे. इथं हात फसला आणि डोळा सांगतो की वस्तू एक आहे. म्हणजे फसवणूक पकडणारंही इंद्रियच आहे! ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की प्रत्येक इंद्रिय आपल्या खास विषयात सहसा चुकत नाही. डोळ्याला पांढरं दिसलं तर पांढरं दिसलंच. चूक होते ती पुढच्या पायरीवर, ते पांढरं म्हणजे काय, केवढं, कुठं आहे, हे आपण ठरवतो तेव्हा. त्याचं आवडतं उदाहरण सूर्याचं आहे. सूर्य वीतभर-फूटभर दिसतो, पण पृथ्वीपेक्षा मोठा आहे याची आपल्याला खात्री असते. दिसणं बदलत नाही. आपण त्या दिसण्यावर सही करत नाही, इतकंच.

मेणाची डाळिंबं

ही सही कधी करायची, याचा सगळ्यात खोल विचार केला तो स्टोइक पंथानं. या पंथाचा संस्थापकही झेनो नावाचाच, पण हा सायप्रसच्या सिटियमचा, कासववाला नव्हे. सिसेरो सांगतो की हा झेनो हातानं शिकवायचा. उघडा तळवा दाखवायचा : ही नुसती जाणीव, समोर काहीतरी दिसलं. बोटं थोडी दुमडायचा : ही संमती, मी मान्य केलं. मूठ मिटायचा : हे आकलन, गोष्ट पकडीत आली. मग दुसऱ्या हातानं ती मूठ घट्ट धरायचा : हे ज्ञान. तुम्हीही एकदा करून बघा. चार पायऱ्या आहेत, आणि आपण सगळे पहिलीवरून थेट चौथीवर उडी मारतो.

या पंथाचा एक तत्त्वज्ञ होता स्फेरस. तो इजिप्तच्या टॉलेमी राजाच्या दरबारी गेला. शहाणा माणूस खोट्याला कधी मान्यता देत नाही, असं तो सांगत होता. राजानं गंमत केली. मेणाची डाळिंबं समोर ठेवायला लावली. स्फेरस फसला. राजा ओरडला, बघ, दिलीस की नाही खोट्याला मान्यता! डायोजिनीस लायर्शियसनं स्फेरसचं उत्तर नोंदवलंय. तो म्हणाला, ही डाळिंबं आहेत याला मी संमती दिली नव्हती. ही डाळिंबं असावीत असं मानायला जागा आहे, एवढ्यालाच दिली होती.

पळवाट वाटते ना? मलाही वाटली होती. पण "हा जॉब बरोबर आहे" आणि "हा जॉब बरोबर आहे असं मानायला माझ्याकडे एवढा आधार आहे" यात फरक आहे. दुसरं वाक्य बोलणारा माणूस आधार काय म्हणून विचारलं तर सांगू शकतो, आणि आधार सरकला तर मत बदलू शकतो.

तळहातानं सांगितलं

आता परत चाकणला.

त्या मुलाला मी बोललो, आणि दुसऱ्या रात्री त्या मशीनवर वेगळा ऑपरेटर होता. अनुभवी. पुन्हा तेच. सकाळी सगळे शाफ्ट लहान. आता दोघांनाही मायक्रोमीटर वाचता येत नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. तिसऱ्या रात्री मी थांबलो. आमच्याकडे एक जुने सेटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मशीनमधून जॉब बाहेर आला. मी मायक्रोमीटर उचलला. अण्णा म्हणाले, "अहो साहेब, आधी हातात तर घ्या."

घेतला. चहाच्या ग्लाससारखा गरम.

कूलंटच्या नळीत चिप्स अडकल्या होत्या, धार टूलवर पडतच नव्हती. जॉब पन्नास अंशांच्या आसपास, मायक्रोमीटर तीसच्या आसपास. स्टील तापलं की फुगतं. शंभर मिलिमीटरचं स्टील २० अंशांनी जास्त गरम असेल तर ते साधारण २३ मायक्रॉन मोठं भरतं. आणि आपली सगळी मोकळीक होती २२ मायक्रॉनची. टार्गेट गाठायचं म्हणून थांबायला कुणाकडे वेळ नव्हता. जॉब निघाला, मोजला, मोठा वाटला, ऑफसेट कमी केला, पुढचा लावला. रात्रभर ट्रे थंड झाला आणि सगळे शाफ्ट आकसले.

म्हणजे मुलगा बरोबर होता. त्यानं मोजलं तेव्हा शाफ्ट ९९.९९ च होता. मीही बरोबर होतो. मी मोजला तेव्हा ९९.९६७ होता. एकाच वस्तूबद्दल दोन वेगळे आकडे आणि दोन्ही खरे. प्रोटागोरस हसला असेल. पण सॉक्रेटिसचा उद्याचा मुद्दा आठवा. थंड झाल्यावर हा शाफ्ट बेअरिंगमध्ये नीट बसेल का? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते माझ्याही म्हणण्यावर अवलंबून नव्हतं, मुलाच्याही नव्हतं.

या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात? अशा : माप म्हणजे एकट्या वस्तूचा गुण नाही. माप म्हणजे दोन गोष्टींची गाठ, जॉबची आणि मायक्रोमीटरची. दोन्ही सारख्याच गरम असते तर आकड्यात फरक पडला नसता. 'थिएटेटस'मध्ये जाणिवेबद्दल असंच एक मत मांडलंय : पांढरेपणा नुसता डोळ्यात नाही, नुसता वस्तूत नाही, दोघांच्या मध्ये जन्मतो. पण ती गाठ कुठल्या अवस्थेत पडली हे सांगितलं, की दुसराही माणूस ते तपासू शकतो. म्हणूनच १९३१ साली आंतरराष्ट्रीय वजन-माप समितीनं लांबी मोजण्यासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरवून दिलं. स्टँडर्ड रूमचा एसी साहेबांसाठी नसतो. (हशा)

आणि हे भांडण सोडवलं कुणी? आकड्यानं नाही. आकड्यात गरमपणा कुठेच लिहिलेला नव्हता. अण्णांच्या तळहातानं सोडवलं. ज्या "मला वाटतं" ला मी गप्पा समजत होतो, त्यानं. डेमोक्रिटसची इंद्रियं बुद्धीला जे म्हणाली, ते मी त्या रात्री उभ्यानं ऐकलं.

कूलंटची नळी दहा मिनिटांत साफ झाली. चेकशीटवर एक ओळ वाढवली : मोजण्यापूर्वी जॉब थंड केला का? मी रिजेक्शनचा जुना कागद काढून कारण बदललं. पण तो मुलगा तोपर्यंत यायचा बंद झाला होता. ठेकेदारानं दुसरा पाठवला होता. त्याचा नंबर ठेकेदाराकडे होता. मी मागितला नाही. आज मागेन, पण आज तो ठेकेदारही राहिला नाही.

चूक मोजण्यात झाली नव्हती. माझा प्रश्न चुकला होता. "दोघांतला खोटं कोण बोलतंय?" असं मी विचारलं. विचारायला हवं होतं, "तू काय मोजलंस, कशानं मोजलंस, आणि तेव्हा जॉब कुठल्या अवस्थेत होता?" ग्रीकांच्या दोनशे वर्षांच्या भांडणातून मला मिळालेली गोष्ट एवढीच आहे, पण ती रोज वापरता येते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आता कॅमेरे आणि मोजणारी यंत्रं आली आहेत. माणसाचा हातच लागत नाही. मग हा प्रश्न संपला नाही का?

उत्तर : हात लागत नाही, पण ठरवणं सुटलेलं नाही. कॅमेऱ्याला कुठला ओरखडा चालेल आणि कुठला नाही, हे कुणीतरी शिकवतं. यंत्राचं कॅलिब्रेशन स्लिप गेजवर होतं, स्लिप गेजचं प्रयोगशाळेत, आणि ही साखळी जाते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत. त्याच्याही पुढे काय? मीटरची व्याख्या. १९८३ साली जगानं ठरवलं, की प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो, तो मीटर. म्हणजे साखळीच्या टोकाला माणसांनी केलेला करारच आहे. पण करार म्हणजे मनमानी नव्हे. हा करार केल्यामुळे चाकणचा शाफ्ट जर्मनीच्या बेअरिंगमध्ये बसतो. मनमानी असती तर बसला नसता. आणि मेणाच्या डाळिंबाला कॅमेराही फसू शकतो, म्हणून स्फेरसला विसरू नका.

प्रश्न : हे सगळं आपल्याकडे नव्हतं का? ग्रीकांकडेच का जायचं?

उत्तर : होतं, आणि भरपूर होतं. अंधारात दोरी साप वाटते, हे उदाहरण आपल्या घरातलंच. ज्ञान मिळवायची साधनं किती, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. चार्वाक म्हणाले, एकच, प्रत्यक्ष. न्यायवाल्यांनी चार मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. त्या मुलाचं सांगणं मी मोजलंच नाही, म्हणजे न्यायाच्या हिशेबानं एक साधन मी फेकूनच दिलं. दोन्हीकडचं वाचणारी माणसंही आपल्याकडे झाली. जमखंडीला जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवत. त्यांनी हेराक्लिटसवर लिहिलं, आणि महाराष्ट्राच्या संतांवरचा मोठा ग्रंथही लिहिला. त्यांना कधी वाटलं नाही की एक वाचलं तर दुसरं सोडावं लागतं. सिकंदराबरोबर आलेला पिरो नावाचा ग्रीक इथल्या नग्न साधूंना भेटला आणि परत जाऊन घाईनं निर्णय देऊ नका असं शिकवू लागला, असं डायोजिनीस लायर्शियस सांगतो. म्हणजे येणं-जाणं दोन्ही बाजूंनी होतं. तेव्हा कुणाचं आधी, कुणाचं मोठं, यात पडण्यापेक्षा मी एवढंच म्हणेन : उद्या शिफ्टला गेलात आणि समोरचा म्हणाला की माझं माप बरोबर आहे, तर सही करण्याआधी जॉबला एकदा हात लावून बघा.